तिनं शिवी दिली नाही

सकाळी पाहिलं, तर शेजारच्या धनगरणीच्या होत्या तेवढ्या सगळ्या मेंढ्या पोट फुगून मेल्या होत्या. सुट्टीला आम्ही दरवर्षी कवठे महांकाळजवळ लेकाच्या शेतघरात राहतो. कुंपणापलीकडे तिचा मेंढवाडा. दिवसभर ती मेंढरांना, कुत्र्याला आणि आम्हालाही शिव्या घालते. मला ती आवडते. आदल्या संध्याकाळी माझ्या सुनेनं लाडानं मेंढ्यांपुढं पोतंभर गहू ओतला होता. सून रडत ते सांगायला गेली. आता ही तिला सोलणार, असं मला वाटलं. धनगरीण मेलेल्या मेंढीच्या पोटावर हात ठेवून बसली होती. हळूच म्हणाली, "रडू नगंस, बाई. मायेनंच घातलंस न्हवं? गव्हानं मरत्यात, ह्ये तुला कुणी सांगावं?" तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आईच्या दुधावरचं एक कोकरू तेवढं जगलं.