बांबूवरची उडी

संस्थान विलीन झालं, फौज मोडली, त्या हिवाळ्यात किला गेटजवळच्या मैदानावर मला रोज सकाळी एक वयस्कर काका दिसायचे. फौजेतल्या कुत्र्यांना शिकवायची त्यांची नोकरी गेली होती. आता ते एका गावठी कुत्रीला बांबूवरून उडी शिकवत होते. ती बांबूखालून पळत त्यांच्याकडे यायची, तरी ते तिला पोळी भरवायचे.

"चुकली तरी पोळी?" मी एकदा विचारलं.

"अरे भई, माझ्याकडे आली ना? उडी आज नाही तर उद्या येईल."

मेळ्यातल्या कुत्र्यांच्या स्पर्धेत, सरदारांच्या विलायती कुत्र्यांदेखत, तिनं ओळीनं लावलेले पाचही बांबू उडी मारून ओलांडले. काका मातीतच बसले. ती त्यांचं तोंड चाटत होती आणि ते खळखळून हसत होते. त्या वर्षी गावात कितीतरी जणांच्या नोकऱ्या गेल्या. असं हसताना मी फक्त काकांनाच पाहिलं.