आवाज येतोय का?

आमच्या सोसायटीची सभा अजूनही मोबाइलवरच भरते. एकमेकांची तोंडं प्रत्यक्ष न बघता भांडायची सोय झाली आहे, ती कोथरूडकर कशाला सोडतील? सभा सुरू झाली की अध्यक्ष घसा खाकरून विचारतात, "सगळ्यांना आवाज येतोय का?" तेवढं ऐकलं की मी फोन बंद करते. लोकांना वाटतं, बाईंना मिजास आहे. वाटू दे. तो प्रश्न माझ्याच्याने ऐकवत नाही.

माझ्या धाकट्या भावाला आवाज यायचा. कॉलेजात असल्यापासून. एकाच पुरुषाचा, रस्त्यावरून हाक मारल्यासारखा, "ए, खाली ये." आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, तेव्हा त्या 'खाली ये'चा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. गोळ्या सुरू झाल्या आणि आवाज हळूहळू बसला. भाऊ मार्केट यार्डात एका व्यापाऱ्याकडे कामाला लागला. सकाळी डबा घेऊन जायचा, संध्याकाळी अंगाला लसणाचा वास घेऊन यायचा. त्याचं लग्न झालं नाही, माझंही नाही. आई-वडील गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. बरं चाललं होतं आमचं.

दर महिन्याला आम्ही हॉस्पिटलच्या ओपीडीत जायचो. तिथले मानसोपचाराचे डॉक्टर आधी इकडचं तिकडचं बोलायचे. शर्टाची बटणं नीट लागली आहेत का, नखं कापली आहेत का, हे बोलता बोलता बघून घ्यायचे. मग पेन खाली ठेवायचे आणि विचारायचे, "सध्या आवाज येतोय का?" माझ्याशी भाऊ खुशाल थापा मारायचा, गोळी घेतली म्हणून सांगून उशीखाली ठेवायचा, पण या प्रश्नाला तो कधीही खोटं बोलला नाही. "नाही," म्हणायचा, किंवा मान खाली घालून, "येतोय." येतोय म्हटलं की डॉक्टर गोळी वाढवायचे. सगळा इलाज त्या एका प्रश्नावर उभा होता.

मग लॉकडाऊन लागला. ओपीडीला कुलूप लागलं, ती इमारत कोरोनाच्या पेशंटांना दिली गेली आणि आमच्या डॉक्टरांनाही तिथेच ड्यूटी लागली. त्यांनी आम्हाला वाऱ्यावर सोडलं असं मी म्हणणार नाही. त्या प्लास्टिकच्या झग्यातून, दोन मास्कच्या आडून, वेळ मिळेल तसा ते फोन करायचे. गोळ्यांची चिठ्ठी व्हॉट्सअॅपवर पाठवायचे. पहिल्यांदा ती दाखवली तेव्हा औषधवाला म्हणाला, "बाई, फोटोवर गोळ्या देत नाहीत, फोटोला हार घालतात." पुढे तोही सुधारला. गोळ्या गेटवर यायच्या आणि वॉचमन त्यांच्यावर फवारा मारून वर पाठवायचा. पेपरात लिहून यायचं की आता उपचार घरबसल्या मिळतात. मिळत होतेच की.

डॉक्टर मला म्हणायचे, "ताई, त्यांना एकट्याला बोलू द्या." त्यांचं बरोबर होतं. दोन खोल्यांत एकट्याने बोलायची जागा म्हणजे गॅलरी, म्हणून भाऊ फोन घेऊन तिथे जायचा. रेंज जेमतेम. आत मला फक्त त्याचं बोलणं ऐकू यायचं. "हो. येतोय." मग थोडं थांबून, जोर देऊन, "येतोय, येतोय!" मग झोपेचं, जेवणाचं काहीबाही. आत आला की म्हणायचा, "सांगितलं त्यांना." काय म्हणाले विचारलं की उत्तर एकच, "छान म्हणाले. गोळ्या त्याच."

तेव्हा सगळं पुणंच फोनवर "येतोय, येतोय" ओरडत होतं. मला वेगळं काय वाटणार होतं?

तो गप्प होत गेला. पण गप्प कोण नव्हतं तेव्हा? यार्डातलं काम बंद, बाहेर रुग्णवाहिकांचा आवाज, शेजारच्या दाराला पट्टी बांधलेली. महिन्यामागून महिने असेच गेले आणि पुढच्या उन्हाळ्यात, मी दुपारी जराशी पडले असताना, भाऊ दार उघडून खाली उतरला. गॅलरीतून नाही, जिन्याने उतरला, म्हणून मी देवाचे आभारसुद्धा मानले. कात्रजच्या घाटाकडे अनवाणी चालताना तो पोलिसांना सापडला. मास्क नाही, अंगात ताप. तपासणीत कोरोना निघाला आणि त्याला परस्पर वॉर्डात नेलं. मला आत सोडेनात.

एका सिस्टरला दया आली. तिने व्हिडिओ कॉल लावून फोन त्याच्यासमोर धरला. नाकावर ऑक्सिजनचा मास्क, दाढी वाढलेली. फोनवरचं चित्र सारखं अडकत होतं, म्हणून मी ओरडले, "अरे, आवाज येतोय का?"

त्याने माझ्याकडे इतक्या थकलेल्या नजरेने पाहिलं!

"आता तूही विचार," तो म्हणाला. "येतोय गं. केव्हापासून सांगतोय. डॉक्टर दर वेळी विचारायचे, मी दर वेळी सांगायचो येतोय, आणि ते म्हणायचे छान. त्यांनाच छान वाटतंय म्हटल्यावर मी गेलो खाली."

अरे, ते फोनचं विचारत होते, फोनचं, असं मी सांगत राहिले, पण चित्र पुन्हा अडकलं होतं. मग सिस्टर म्हणाली, "ताई, बाकीचेही थांबलेत." माझं त्याच्यापर्यंत किती पोचलं, मला माहीत नाही. दुसऱ्या कॉलची वेळ आलीच नाही. गुंडाळलेलं काहीतरी मला लांबून दाखवलं आणि तो माझा भाऊ आहे असं सांगितलं. मी विश्वास ठेवला. दुसरं करण्यासारखं काय होतं?

पुढे डॉक्टरांचा फोन आला. त्यांना मृतांच्या यादीतून कळलं होतं. नेहमीसारखीच त्यांनी सुरुवात केली, "ताई, आवाज येतोय का?"

मी त्यांना सगळं सांगितलं. न रडता, आवाज न चढवता. त्यांचा प्रश्न काय होता आणि माझ्या भावाने तो कोणता समजून खरं उत्तर दिलं, ते सांगितलं. तिकडून काहीच येईना. त्यांना दुखवायचंच होतं मला, पण खरंच लाइन गेली की काय असंही वाटलं, म्हणून मी विचारलं, "डॉक्टर, आवाज येतोय का?"

ते म्हणाले, "येतोय."