काकांनी गाळलेली वाक्यं

फोन आला तेव्हा मी डोंबिवलीत एका ज्येष्ठ नागरिक मंडळात किस्सा सांगत होतो. माझं वय अजून त्या मंडळाचं सभासद होण्याचं नाही, पण घरातल्या माणसांच्या गमती सांगणारा म्हणून मला अधूनमधून बोलावतात. एक नारळ, एक शाल, दोन बटाटेवडे. खिशात फोन थरथरला म्हणून पाहिलं तर मंजूचं नाव. मंजू म्हणजे मनोहरकाकांची मुलगी. दुपारी चार वाजता उगाच फोन करणाऱ्यातली ती नव्हे. मला कळलं. तरी मी किस्सा पुरा केला... लोक हसले, टाळ्या झाल्या, आणि मग व्हरांड्यात जाऊन मी फोन लावला. "दादा, बाबा गेले," ती म्हणाली, "चहा मागितला आणि आईने आणेपर्यंत गेले." किस्सा काकांवरचाच होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

त्याला आता पाच आठवडे झाले. मनोहरकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. तरुणपणी कंपनीने त्यांना नव्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला दोन वर्षं रशियात पाठवलं. तेव्हा तो देश सोव्हिएत होता, आणि आमची आजी पोरगा येताना गोरी बायको आणणार या धास्तीत होती. काकांनी आणली ती भाषा, आणि एक मित्र. हा मित्र तिथल्या कारखान्याचं छोटंसं वार्तापत्र काढायचा. रशियनमध्ये संपादकाला रेडाक्तर म्हणतात. काकूने पुढे लग्न होऊन आल्यावर त्याचं रेडकर करून टाकलं आणि आमच्या घराण्यात ते रेडकरच राहिले. लहानपणी मला ते मालवणकडचे वाटत. त्यांचं खरं नाव, गाव मी लिहिणार नाही, ओळखू येतील अशा दोनतीन गोष्टी बदलल्याही आहेत, आणि लेख छापायला देण्याआधी त्यांच्या मुलीची परवानगी घेतली आहे. एवढी सावधगिरी मुळात माझ्या स्वभावात नाही. ती का आली, तेच सांगायचं आहे.

सोव्हिएत राज्य मोडलं तेव्हा रेडकरांनी नोकरी सोडून गावाचं साप्ताहिक काढलं. त्याचे अंक टपालाने काकांच्या वर्तकनगरच्या घरी यायचे, कधी दीड महिन्याने, कधी तीन एकदम. रविवारी सकाळी काका आम्हाला समोर बसवून त्यातली वाचकांची पत्रं मराठीत वाचून दाखवत. बातम्या नाही, फक्त पत्रं. कुणाच्या घरातला उष्णतेचा पाइप गळतोय, कुणाच्या जिन्यात दिवा नाही. एका आजीबाईंनी लिहिलेलं मला अजून पाठ आहे: महापौरांची गाडी ज्या खड्ड्यात अडकली तो दुसऱ्या दिवशी बुजवला, तरी आमच्या दारापुढेही दोन आहेत, त्यांनी कृपया तिकडूनही एकदा जावं. काकू आतून म्हणायची, "आपल्याकडचंच वाटतंय की हो." काका म्हणायचे, "आपल्याकडचंच आहे. फक्त या बाईला असं लिहिता यायला तिची साठी उलटावी लागली." मला तेव्हा हे कंटाळवाणं वाटे. रशियाचा अंक म्हणजे रणगाडे, अंतराळवीर असं काहीतरी हवं होतं.

मग तिथे तो नेता आला. पहिल्या निवडणुकीत रेडकरांनीही त्यालाच मत दिलं होतं, हे काका आवर्जून सांगत. पगार वेळेवर व्हायला लागले, रस्त्यावरची गुंडगिरी कमी झाली, लोकांना बरं वाटलं. आधी मोठी दूरचित्रवाणी केंद्रं ताब्यात गेली. रेडकरांनी काकांना पत्रात लिहिलं की ते लांब मॉस्कोत आहे, आपलं छोटं पत्र कोण बघतंय. पुढे तो पुन्हा निवडून आला, मधे एकदा खुर्च्यांची अदलाबदल करून पुन्हा आला, नंतर घटनाच बदलून घेतली. साप्ताहिक कुणी बंद केलं नाही. छापखान्याचं यंत्र नेमकं छपाईच्या दिवशी, गुरुवारीच बिघडायला लागलं. जाहिरात देणारा बेकरीवाला फोन उचलेना. पत्रांचं पान अर्धं झालं, मग पाव, मग त्या जागी भाज्यांच्या लागवडीचं सदर आलं. काकांनी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले होते. म्हणाले, "नंदू, त्या गावात एकाएकी कुणाचाच पाइप गळत नाही रे."

मंजूचा नवरा मनाने चांगला माणूस, पण त्याला खमकी माणसं आवडतात. एका दिवाळीला फराळ करताना तो म्हणाला, की काका, काही म्हणा, देशाला असा एक माणूस लागतो, नाहीतर नुसती चर्चाच होत राहते. काकांनी चकली मोडली, खाल्ली. "खमक्या माणूस मलाही आवडतो," म्हणाले, "त्याला नको म्हणायची सोय ठेवलेली असली म्हणजे झालं." जावई म्हणाला, तो तर निवडून येतो. "हो, येतो ना. समोर उभं राहणाऱ्यांची नावं विचार." मी लगेच काहीतरी विनोद केला आणि विषय बदलला. विषय बदलण्यात माझा हातखंडा आहे.

युक्रेनवर हल्ला झाला आणि तिथे युद्धाला युद्ध म्हणणंच गुन्हा ठरलं. लष्करी मोहीम म्हणायचं. रेडकरांच्या साप्ताहिकात एका आईने मुलाच्या निधनाची छोटी जाहिरात दिली होती, 'युद्धात मारला गेला' अशी. हाताखालच्या माणसाने तो शब्द बदलायचा का म्हणून विचारलं. रेडकर म्हणाले, तिचा मुलगा आहे, शब्दही तिचाच राहू दे. त्यांना दंड झाला आणि बजावलं गेलं की वर्षभरात पुन्हा असं झालं तर तो फौजदारी गुन्हा होईल. त्यांनी साप्ताहिक बंद केलं. मग दोघे म्हातारे रविवारी फोनवर बोलत. आम्ही गेलो तर काका हाताने खूण करत, आत बसा.

त्याच वर्षी काकांचं सहस्रचंद्रदर्शन केलं. ऐंशी ओलांडल्यावरचा हा सोहळा आमच्या घराण्यात पहिलाच, म्हणून वर्तकनगरमध्ये हॉल घेतला आणि शुभेच्छांच्या व्हिडिओंची जबाबदारी मी मागून घेतली. रेडकरांनीही पाठवला. स्वयंपाकघरात बसलेले, मागे खिडकीत रोपं. तीनचार मिनिटं बोलले असतील. पडद्यावर ते बोलत होते आणि काका माईकवरून एकेक वाक्य मराठीत सांगत होते; हॉलमध्ये रशियन कळणारे ते एकटेच. कारखाना, बर्फात हरवलेला बूट, काकांनी केलेला भात. मग रेडकरांचा आवाज खाली गेला. ते बराच वेळ बोलले, थांबले, पुन्हा बोलले. काका गप्प. शेवटी म्हणाले, "म्हणतोय, काकड्या यंदा चांगल्या आल्या." हॉल हसला. मीही हसलो, पण मनात आलं, काकड्यांवर कुणी इतका वेळ डोळे पुसत बोलतं का?

घरी येऊन मी फोनमधल्या भाषांतराच्या सोयीने ती वाक्यं काढली. मोडकीतोडकी निघाली, पण अर्थ लागला. रेडकर म्हणत होते, की हे युद्धच आहे, माझ्या गल्लीतली मुलं परत आलेली नाहीत, आणि मी घरात बसून काकड्या लावतो, याची मला लाज वाटते. मनोहर, हे मी फक्त तुला सांगतोय... 'फक्त तुला' हे मी वाचलं. नीट वाचलं. तरीही मला वाटलं, काय माणूस आहे, जगाला कळायला हवं. काकांनी भीतीने कापलं, पण पुतण्या कापणार नाही. खाली मराठी आणि इंग्रजी भाषांतराच्या ओळी टाकून पूर्ण व्हिडिओ मी इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असा चढवला. मथळ्यात त्यांचं पूर्ण नाव, गाव, आणि 'निर्भीड' हे विशेषण. मथळे मला छान सुचतात. दोन दिवसांत आमच्या हाउसिंग सोसायटीतली सगळी माणसं मला रशियाचा जाणकार समजायला लागली.

चौथ्या दिवशी जावयाने तो काकांना कौतुकाने दाखवला. काकांचा फोन आला. "काढ ते. आत्ता. फोन ठेवायच्या आधी." मी काढला, आणि मग माझी अक्कल चालवली. म्हटलं, काका, आयुष्यभर तिथल्या कापाकापीवर बोललात आणि हॉलमध्ये स्वतःच कात्री लावलीत? "त्या वाक्यांसाठी आत तो जाणार, नंदू," ते म्हणाले, "मी नाही आणि तू तर नाहीच. मग ती मोठ्याने म्हणायचा अधिकार आपला कसा?"

तोवर कुणीतरी ते उतरवून घेतलं होतं. त्याच गावातल्या कुणीतरी, असं पुढे कळलं. घराची झडती झाली, संगणक नेला, दंडाला वर्ष व्हायचं होतं म्हणून खटला फौजदारी झाला. रेडकर पंच्याहत्तरी ओलांडलेले. शिक्षा झाली. त्यांच्या मुलीने इंग्रजीत दोन ओळी कळवल्या, ते पान काकांनी मला वाचायला दिलं आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला रागावले नाहीत. पुढेही कधी नाहीत. रागावले असते तर त्याचाही मी किस्सा केला असता, हे त्यांना ठाऊक असावं.

पुढचं दीड वर्ष काका दर आठवड्याला तुरुंगात पत्र लिहीत. पत्र तिथला अधिकारी आधी वाचतो, म्हणून त्यात काहीच नसे: सोसायटीची लिफ्ट, गुडघे, आंबा महाग की स्वस्त. ज्या माणसाला गाळलेलं एक वाक्य दिसलं की जेवण जात नसे, तो आता पत्र लिहून झालं की लाल पेन घेऊन स्वतःच ओळीमागून ओळ खोडत बसे, हे बघायला अवघड जायचं. शेवटच्या भेटीत मी विचारलं, काका, एवढं सगळं काढल्यावर त्यात उरतं काय? "अक्षर उरतं," म्हणाले, "माझ्या हातचं आहे, एवढं कळतं त्याला." मग मला म्हणाले, तू हल्ली फार बारीक झालास. मी झालेलो नाही. उलट दोन शर्ट देऊन टाकलेत.

काकांचं दिवसकार्य झाल्यावर मंजू म्हणाली, "दादा, रेडकरांना कळवायला हवं ना." मी त्यांच्या मुलीला लिहिलं. उत्तर बारा दिवसांनी आलं. ती भेटीला गेली तेव्हा तिने वडिलांना सांगितलं होतं. त्यांचा निरोप तिने जसाच्या तसा दिला होता: मनोहरच्या घरच्यांना सांग, त्याने मला लिहिलं होतं की तो व्हिडिओ त्याच्याच हातून चुकून सगळ्यांना गेला, फोनची बटणं त्याला कळली नाहीत. मी त्याच्यावर एक दिवसही रागावलो नव्हतो. म्हाताऱ्यांच्या हातून होतं असं. हे त्याला मी लिहिलं होतं, पण पत्र पोचलं की नाही कोण जाणे.

पत्र पोचलं नव्हतं. मी सगळीकडे शोधलं. काका गेले ते क्षमेची वाट बघत, आणि तीही माझ्या चुकीबद्दलच्या.

गेल्या रविवारी वर्तकनगरला गेलो. खिडकीशी काकांचं टेबल आहे, त्यावर रशियन-इंग्रजी शब्दकोश अजून उघडाच. काकू धूळ पुसते पण पान बदलत नाही. त्या खुर्चीत बसून मी रेडकरांना पत्र लिहायला घेतलं. मराठीत लिहायचं, त्याचं इंग्रजी करून त्यांच्या मुलीला पाठवायचं आणि तिच्याकडून रशियनमध्ये करून घ्यायचं, असं ठरलं होतं. दोन पानं झाली. चांगली झाली होती, खरं सांगतो. काकांची मैत्री, माझा पश्चात्ताप, मधे एक हलकासा विनोद. काकू चहा घेऊन आली आणि पलंगाच्या कडेला बसली. "वाच," म्हणाली, "तेही मला वाचून दाखवायचे पाकीट बंद करायच्या आधी."

मी वाचलं. 'तो व्हिडिओ काकांनी नाही, मी टाकला होता' हे वाक्य दुसऱ्या पानाच्या मध्यावर होतं. काकू दचकली नाही.

"मला विचारूनच लिहिलं होतं त्यांनी तसं," ती म्हणाली. "मी म्हटलं, लिहा. त्या लोकांच्या कागदावर आपल्या नंद्याचं नाव कशाला."

चहावर साय धरली. काकूने हात पुढे करून पानं घेतली, डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, आणि टेबलावरचं लाल पेन माझ्याकडे सरकवलं.

"हे एक वाक्य ठेव," म्हणाली. "बाकी फार गोड झालंय. काढ."