विषयाबाहेरचा प्रश्न

"मी इथलीच. तुम्ही कुठले?"

सुरतेत जन्मलेल्या त्या बाईला दिवसातून चारदा तरी कुणीतरी विचारायचं, "तुम्ही कुठल्या देशाच्या?" आणि हातातली साडीची घडी न थांबवता ती हे उत्तर द्यायची. पहिल्या दिवशी मीही तेच विचारलं. माझा जन्म शिरपूरकडचा, राहणं सुरतेतल्या लिंबायतला, तेही भाड्याने. आणि परदेशी कोण, तर ती!

ती सिद्दी होती. शेकडो वर्षांपूर्वी तिचे पूर्वज आफ्रिकेतून इथे आणलेले. आमच्या साड्यांच्या होलसेल दुकानात मागच्या खोलीत ती घड्या घालायची. खानदेशी बायकांमध्ये बसून अहिराणी शिकली होती. सकाळी मला बघितलं की म्हणायची, "काय चाली ऱ्हायनं, भाऊ?" मी दुकानाचा मॅनेजर. शिवाय विचारवंत. म्हणजे असं मी समजायचो. बायकोचं मत वेगळं होतं.

तिला काउंटर हवं होतं. गिऱ्हाइकापुढे बसायचं, पदर खांद्यावर टाकून साडी दाखवायची. काउंटरवरची एक मुलगी लग्न होऊन गेली आणि जागा झाली. शेठ मला म्हणाले, "तू कहे तो बेसाडी दईए." तू म्हणशील तर हिला बसवू, म्हणजे माझ्या एका शब्दावर काम होणार होतं. मी तिला म्हणालो, "बघू. काय आहे, साडी अंगावर टाकली की रंग खुलायला हवा."

बोलतंय कोण? ज्याला गावात अख्खी गल्ली काळू म्हणायची तो!

तिने हळदी रंगाची साडी उचलून खांद्यावर टाकली. "बघा." रंग असा उठला की मागच्या बायका हातातलं काम सोडून बघत राहिल्या. "आणि भाऊ, आपल्या साड्या नेसणाऱ्या बायका काय सगळ्या दुधाने न्हातात?"

मी पुन्हा म्हणालो, "बघू." हा माझा आवडता शब्द.

त्याच रविवारी आमच्या वाचनालयात माझं भाषण होतं. विषय, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा मुक्तिलढा. तुम्ही असायला हवं होतं हो! दीड तास बोललो. वर्णभेद फक्त माणसाच्या मनात नसतो, कुणाला नेमायचं, कुणाला कुठे बसवायचं यात तो मुरलेला असतो, असं टेबल आपटून सांगितलं. टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत आमची ही घड्या घालणारी बाईही बसली होती; तिने हात वर केला.

"भाऊ, समजा एका दुकानात सिद्दी पुरुष आहेत, पण कापडाच्या गाठी उचलायला. बायका काउंटरवर आहेत, पण गोऱ्या. मालक म्हणतो, आम्ही सिद्दी ठेवतो, बायकाही ठेवतो. मग सिद्दी बाईने बसायचं कुठे?"

मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, "प्रश्न चांगला आहे, पण विषयाबाहेरचा आहे."

अरे गाढवा, तोच तर विषय होता! पण हे मला घरी भाकरी मोडताना कळलं. सोमवारी शेठना सांगायचंच, असं ठरवलं. सोमवारी शेठ चिडलेले होते. मंगळवारी पाहुणे आले. बुधवारी माझंच पोट बिघडलं. शनिवारी काउंटरवर शेठच्या ओळखीतली एक गोरी मुलगी येऊन बसली.

ती मागच्या खोलीतून आली. घडी घातलेली शेवटची साडी माझ्या टेबलावर ठेवली आणि "येते, भाऊ," एवढंच म्हणून काम सोडून गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वर्षभराने बायकोला घेऊन सुरतेजवळ कामरेजला एका दुकानात साडी घ्यायला गेलो. बघतो तर काउंटरवर ती! बायको आपली म्हणतेय, "पिवळा नको बाई, मी काळी, मला नाही शोभत." तिने साडी बायकोच्या खांद्यावर टाकली, तिला आरशासमोर उभं केलं. "बघा, ताई." बायको बघतच राहिली. पंधरा वर्षांच्या संसारात तिला स्वतःकडे असं बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. लाज वाटली.

मग ती माझ्याकडे वळली. "काय चाली ऱ्हायनं, भाऊ?"

मला माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "रंग पक्का आहे ना?"

"पक्काच आहे, भाऊ," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर बायकोने पिशवी छातीशी धरली. "तुमच्याच दुकानात होत्या म्हणे त्या. अशी बाई तुम्ही जाऊ कशी दिली हो?"

दीड तास बोलणारा मी. गाडीला किक मारत राहिलो, चावी न लावताच.