सगळं ठीक आहे, फक्त स्लो आहे

सॉफ्टवेअर स्लो झालं की लोक चहाला उठतात आणि शिव्या आम्हाला घालतात. ऐरोलीतल्या आमच्या ऑफिसात तेवढंच काम: कोणाचं काय रखडलंय ते शोधायचं. शिव्या संध्याकाळपर्यंत विसरतो, किस्से मात्र साचत जातात. बहुतेक म्हात्रेचे. हा घणसोली गावातला, माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा. हुशार, पण नोकरीला घट्ट चिकटलेला, कारण वडिलांचं डायलिसिस कंपनीच्या मेडिक्लेमवर चालायचं.

*

एका क्लायंटचं सॉफ्टवेअर रांगायला लागलं. मीटिंग भरली. नेटवर्कवाले म्हणाले, "आमच्याकडून ओके." डेटाबेसवाले म्हणाले, "आमच्याकडूनही ओके." सर्व्हरवाल्यांनी तर हिरवेगार ग्राफच दाखवले.

म्हात्रे म्हणाला, "मग स्लो काय हाय? क्लायंटचा बोट?"

आमचे मॅनेजर देशपांडे सर म्हणाले, "मिनिट्समध्ये लिहा, सगळं ठीक आहे."

मीटिंग संपली! सॉफ्टवेअर रांगतच राहिलं.

*

दुसऱ्या एका क्लायंटच्या मोठ्या साहेबांचा रिपोर्ट उघडायला अर्धी सकाळ जायची. म्हात्रेने विचारलं, "सर, यातलं तुम्ही बघता काय?"

"शेवटची ओळ. टोटल."

"मग तेवढीच देऊ? लगेच येईल."

साहेब भडकले. "एका ओळीचा रिपोर्ट? बोर्डासमोर माझी लाज काढता काय!"

*

एका हॉस्पिटलचं बिलिंग म्हात्रेने इतकं पळवलं की बटण दाबताच बिल तयार. दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या बाईंचा फोन. "अहो, एवढ्यात कसं होईल? काहीतरी चुकतंय. मी आपली खात्रीसाठी दोनदा दाबते."

पेशंटना डबल बिलं जायला लागली! शेवटी सरांच्या हुकमावरून म्हात्रेने मुद्दाम एक गोल फिरणारी चक्री टाकली, खाली लिहिलं, "कृपया थांबा." त्या चक्रीसाठी क्लायंटचं कौतुकाचं मेल आलं. आधीच्या मेहनतीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

*

हळूहळू तक्रारी थांबल्या. हीच आमची घोडचूक. रिव्ह्यूत वरून विचारणा झाली, "तक्रारीच नाहीत, मग तुम्ही दिवसभर करता काय?"

शेजारच्या टीमचं सॉफ्टवेअर रोज झोपायचं, ते रोज धावपळ करायचे, त्यांना अवॉर्ड! आणि आमच्यातला एक माणूस कमी करायचं ठरलं. म्हात्रे. मला तेव्हा संताप आला होता, अजूनही येतो.

*

शेवटच्या दिवशी देशपांडे सर त्याच्याकडून लिहून घेतलेला राजीनामा एचआरच्या पोर्टलवर क्लोज करायला बसले. पान लोडच होईना. रिफ्रेश केलं, ब्राउझर बदलला. छे!

मी म्हात्रेच्या कानाशी लागले. "गप्प बस. हे अडकलंय तोवर तू कंपनीत आहेस, बाबांचा मेडिक्लेम चालू आहे. उद्या डायलिसिस आहे ना त्यांचं?"

त्याने मान हलवली.

सर वैतागून ओरडले, "म्हात्रे, तुझंच काम अडलंय रे! जाता जाता जरा बघतोस?"

म्हात्रे लांबूनच त्या स्क्रीनकडे बघत राहिला. मी त्याची बाही धरून ठेवली होती. पण त्याला राहवेना. त्याने बाही सोडवली, खुर्ची ओढली, काही वेळ टकटक केली आणि पान उघडलं. सरांनी बटण दाबलं. त्याच क्षणी त्याचं लॉगिन बंद झालं.

"आता कसा पलतंय बगा, सर!" म्हात्रे म्हणाला.