गुडघ्याचं शुद्धलेखन

सांगतो, पण आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो म्हणतात ना, मी तो गुडघ्यावर पाडून घेतला. आणि धोंडा तरी कसला, तर शुद्ध मराठीचा.

माझा उजवा गुडघा म्हणजे गेली सात वर्षं आमच्या घरातला तिसरा माणूस. मी, बायको शुभदा आणि गुडघा. कुठे जायचं ठरलं की आधी त्याला विचारायचं. जिने आहेत का? मांडी घालून बसायला लागेल का? हाडांच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की वाटीमागची कूर्चा झिजली आहे. ऑपरेशन लागणार नाही, पण मांडीचे स्नायू कमवा. गुडघा असाच पुन्हा पुन्हा सुजत राहिला, तर मात्र वेगळा विचार करावा लागेल. हा 'वेगळा विचार' म्हणजे काय, ते विचारायचं मला धाडस झालं नव्हतं.

सायकल हे माझं जुनं वेड. साताऱ्याला असताना चढ की उतार बघायचो नाही. अठरा वर्षांपूर्वी म्हैसूरला आलो, मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात डिझाइनच्या कामावर लागलो, तिथेही सायकलनेच जायचो. गुडघा बिघडला आणि सायकल बाल्कनीत गेली. मग शुभदा तिच्या हँडलवर पायपुसणी वाळत घालू लागली. रोज सकाळी चहा पिताना ते बघायचं. काय वाटतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

शेवटी कुणीतरी पद्मिनीबाईंचं नाव सांगितलं. साठीच्या फिजिओथेरपिस्ट, घराच्या तळमजल्यावरच दवाखाना. घराणं मराठी, पण चार पिढ्या म्हैसुरातच गेलेल्या. त्यामुळे त्यांचं मराठी म्हणजे वरण आपलं आणि फोडणी कानडी. 'भ्यायचं नको', 'स्वल्प वाका', 'सरी सरी'. सरी म्हणजे ठीक आहे, एवढं मला कळायचं. अठरा वर्षांत मी कानडीचे तीन शब्द आत्मसात केले होते, त्यातला तो एक. शुभदाचं तसं नाही. ती इथल्या शाळेत शिकवते, मुलांशी, भाजीवालीशी, सगळ्यांशी कानडीत बोलते. मी मात्र ऑफिसात इंग्रजी, रिक्षात हिंदी आणि घरात मराठी, असा अठरा वर्षं कोरडाच राहिलो होतो.

पद्मिनीबाईंच्या हाताला मात्र गुण होता. दोन महिने त्यांनी मला भिंतीला पाठ लावून अर्धं बसायला लावलं, पायाला रबरी पट्टा बांधून कवायत करवली. जिना उतरताना कठडा धरायची सवय सुटली, तेव्हा त्या म्हणाल्या, आता सायकल काढायला हरकत नाही. बाल्कनीतली पायपुसणी त्याच दिवशी उतरली.

त्यांनी नीट समजावून सांगितलं. सीट उंच घ्या, पेडल खाली गेलं की गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा. गिअर हलका ठेवा. सपाट रस्ता धरा, चढ आला तर उतरून चाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा गरम लागला किंवा सुजला तर त्या दिवशी सुट्टी. आणि मग शेवटचं वाक्य.

"दिवसाआड चालवा. निधान वीस मिनिट. काय?"

आता माझ्या जागी तुम्ही असता तर मान डोलावून घरी गेला असता. पण मी पडलो व्याकरणाचा रखवालदार. व्हॉट्सअ‍ॅपवर लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारणारा माणूस मी. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"निधान नाही, पद्मिनीबाई. निदान. ध नाही, द."

"असं होय? आमच्या घरात सगळे निधान म्हणतात की."

"म्हणत असतील. पण शुद्ध शब्द निदान."

बाईंना बिचाऱ्यांना इतकं अप्रूप वाटलं, की त्यांनी वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतलं. महाराष्ट्रातली मराठी माणसं इथे उपचाराला यायला लागलीत, त्यांच्याशी नीट बोलता यायला हवं, असं त्या म्हणाल्या. मग वहीत बघत, द वर जोर देत म्हणाल्या, "सरी. निदान वीस मिनिट."

मी प्रसन्न होऊन बाहेर पडलो. मातृभाषेची सेवा घडली होती आणि गुडघाही बरा होणार होता.

पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं चालवली. का नाही चालवायची? निदान वीस म्हणजे वीसच्या खाली नको. वर किती, ते ज्याच्या त्याच्या हिमतीवर. दुसऱ्या आठवड्यात तास झाला. मेटगळ्ळीपर्यंत जाऊन परत यायला लागलो, मोबाइल दर किलोमीटरला वेग सांगायचा आणि कालच्यापेक्षा तो कमी भरला की मला रुखरुख लागायची.

आमच्या वसाहतीत पन्नाशीतल्या सायकलवाल्यांचा एक गट आहे. चकचकीत हेल्मेटं, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, एका सायकलच्या किमतीत स्कूटर यावी असा थाट. आणि सगळं मिळून जायचं ते इडली खायला. त्या गटात मी दाखल झालो आणि पंधरा दिवसांत गुडघ्याचा गुरू झालो. ज्याचा त्याचा गुडघा माझ्यापुढे येऊ लागला. मी गटावर लांबलचक संदेश लिहायचो, गुडघेदुखीनंतर सायकल सुरक्षितपणे कशी सुरू करावी यावर. त्यात 'किमान वीस मिनिटे' हे शब्द ठळक केलेले असायचे.

दोन आठवड्यांनी पद्मिनीबाईंकडे गेलो, तेव्हा गुडघा थोडा गरम होता. त्यांनी हात लावून पाहिला, कपाळाला आठी घातली आणि विचारलं, "निदानच चालवताय ना?"

"निदानाच्या वरच," मी अभिमानाने म्हणालो. "निदानावर एक दिवस थांबलो नाही."

त्यांचा चेहरा खुलला. इतका आज्ञाधारक पेशंट त्यांना बऱ्याच दिवसांत भेटला नसावा. तरी गुडघा गरम का, हे त्यांना कळेना. विचार करून त्या म्हणाल्या, पंधरा करू. निदान पंधरा.

मी काय समजलो असेन, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. बाईंनी अट सैल केली. चांगली प्रगती आहे, म्हणून उत्तीर्ण व्हायचे गुण कमी केले.

पुढच्या खेपेला गुडघा सकाळी सुजलेला होता. त्यांनी सायकल घेऊन यायला सांगितली. स्वतः टेप लावून सीटची उंची मोजली, बोटभर वर घेतली, पेडलं हाताने फिरवून पाहिली, माझे बूट बघितले. सगळं बरोबर होतं. मग म्हणाल्या, निदान दहा. त्याच्या पुढच्या खेपेला, निदान पाच.

त्या दिवशी त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. हाडांच्या डॉक्टरांना त्यांनी फोन केला होता, जुनी पुस्तकं काढून वाचली होती. त्यांच्या समजुतीप्रमाणे पेशंट सांगितल्यापेक्षाही हळू चालवतो, वेळ वीसवरून पाचवर आणली, आणि सूज वाढतच चाललीय. हे त्यांच्या तीस वर्षांच्या अनुभवात बसत नव्हतं. मला म्हणाल्या, माझंच कुठेतरी चुकतंय, तुम्ही दुसऱ्या कुणाला दाखवा.

आणि मी? मी मोठ्या मनाने त्यांची समजूत घातली. म्हणालो, प्रत्येकाकडून चुका होतात, मनाला लावून घेऊ नका. हे वाक्य आठवलं की मला आजही तोंड लपवावंसं वाटतं.

त्या रविवारी गट श्रीरंगपट्टणला निघाला. मी हिशोब केला, निदान पाच मिनिटं सांगितलीत, म्हणजे पाचव्या मिनिटानंतर आपण स्वतंत्र. जाताना रस्ता इतका मऊ गेला की मी सगळ्यांच्या पुढे. जाताना उतार होता, हे येताना कळलं. परतीच्या वाटेवर एका चढाला गुडघ्यात काहीतरी आवळल्यासारखं झालं आणि पाय वाकेचना. गटातले लोक थांबले, हळहळले, त्यातल्या एकाने माझाच जुना संदेश उघडून 'अशा वेळी काय करावे' ते मला वाचून दाखवलं. शेवटी मालाच्या रिक्षात मागे सायकल आणि पुढे ड्रायव्हरशेजारी पाय लांब करून मी, असा घरी आलो. शहाळं मांडीखाली बांधावं तसा गुडघा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी शुभदाने शाळेत रजा टाकली आणि स्वतः मला पद्मिनीबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी गुडघा पाहिला आणि त्या खुर्चीत बसल्याच. किती चालवली, म्हणाल्या. मी मोबाइल पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा पडद्याकडे.

"तीस किलोमीटर? आणि हे काय, ताशी अठ्ठावीस? मी तुम्हाला निदान म्हणाले होते."

"हो, म्हणूनच तर," मी म्हणालो. "निदान पाच मिनिटं. पाचपेक्षा कमी झालीच नाहीत."

शुभदाने हळूच पद्मिनीबाईंना कानडीत काहीतरी विचारलं. बाईंनी उत्तर दिलं. शुभदाने डोळे मिटून घेतले.

"अहो," ती म्हणाली, "त्या निधान म्हणत होत्या. कानडीत निधान म्हणजे हळू. हळू वीस मिनिटं. रस्त्यावर प्रत्येक वळणाला पाटी असते, निधानवागी चलिसी, हळू चालवा. अठरा वर्षं तुम्ही त्या पाट्यांखालून जाताय."

मी म्हणालो, पण त्यांनी नंतर निदान म्हटलं. दोघीही माझ्याकडे बघत राहिल्या. मग मला आठवलं, द कुणी शिकवला ते.

पद्मिनीबाई हसतील असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत, त्या पांढऱ्याफटक पडल्या. महाराष्ट्रातून आलेल्या दोन पेशंटांना त्या महिनाभर मुद्दाम आठवणीने 'निदान' सांगत होत्या, माझ्या शिकवणीप्रमाणे. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावले. खांदा धरलेल्या पाटीलबाईंना 'निदान दहा वेळा' हात वर करायला सांगितलं होतं. त्या मेहनती बाई, पन्नास वेळा करत होत्या आणि आता वेणी घालायलाही हात वर जात नव्हता. कमरेचे जोशीकाका मात्र ठणठणीत होते. त्यांनी पहिल्या दिवसापासून काहीच केलं नव्हतं.

पाटीलबाईंची मी घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी दिलेला चहा मुकाट्याने प्यालो. पद्मिनीबाईंचीही मागितली. त्या एवढंच म्हणाल्या, "जाऊ दे. माझा उपचार चुकला नव्हता, हे कळलं. मी चार रात्री झोपले नव्हते." ते ऐकून मला गुडघ्यापेक्षा भलतीकडेच दुखलं.

नशीब म्हणायचं, 'वेगळा विचार' करायची वेळ आली नाही. तीन आठवडे बर्फ आणि विश्रांती, मग पुन्हा भिंतीला पाठ, पुन्हा रबरी पट्टा. त्यानंतर सायकल, पाच मिनिटांपासून. आठवड्याला दोन-दोन मिनिटं वाढवत आज वीसवर आलोय. मोबाइल घरी ठेवतो. केळीवाल्याची हातगाडी मला मागे टाकते, आणि तो जाताना वळून बघतोही. पण सकाळी उठून गुडघ्याला हात लावला तर गार असतो. गटावरचे संदेश मी काढून टाकलेत, आणि शुभदाकडे रोज संध्याकाळी कानडी शिकतो. ती मास्तरीण म्हणून फार कडक आहे.

गेल्या महिन्यात पद्मिनीबाईंनी मला एक काम सांगितलं. दवाखान्यात मराठीत एक सूचना लावायची होती आणि माझं अक्षर चांगलं, शुद्धलेखन तर त्याहून चांगलं, म्हणून ती मीच लिहावी अशी त्यांची इच्छा. मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहिला: 'समजले नाही तर पुन्हा विचारावे. कृपया येथे डॉक्टरांना मराठी शिकवू नये.'

परवा मी शेक घेत पडलो होतो. नागपूरहून नुकतीच बदली होऊन आलेले एक गृहस्थ शेजारच्या पलंगावर होते. त्यांनी सूचना दोनदा वाचली आणि मला विचारलं, असा कुणी खरंच होऊन गेला का हो इथे?

मी म्हणालो, "हो, होता एक. स्वतःला फार शहाणा समजायचा."

"मग काय झालं त्याचं?"

एवढ्यात पद्मिनीबाई पडदा सारून आत आल्या, माझ्या गुडघ्यावरची पिशवी उचलून त्यांनी हात लावून पाहिला आणि त्या गृहस्थांना म्हणाल्या, "काही नाही, सुधारतोय."