थांबत थांबत सिरोंच्याला

सुट्टीत कुठे जाऊन आलं की माणसं सांगतात, एका दमात पोचलो, मध्ये कुठे थांबलोच नाही. सांगताना छाती अशी फुगलेली असते की वाटावं, रस्त्याशी यांचं जुनं वैर होतं. मी मान डोलावते आणि मनात म्हणते, म्हणजे तुम्ही काही पाहिलंच नाही. हे म्हणायचा मला हक्क आहे. वरोऱ्यापासून सिरोंच्यापर्यंतचा रस्ता मी आईबाबांबरोबर थांबत थांबत केलेला आहे. थांबायचं कसं हे त्यांनाही आधी येत नव्हतं. ते दोघं रस्त्यातच शिकले, आणि तेही आईच्या पोटामुळे.

आईला गाडी लागायची. लागायची म्हणजे किती, तर एसटीच्या धुराचा वास आला तरी ती पदर तोंडाला लावायची. लिंबू हुंगून झालं, आल्याचा तुकडा चघळून झाला, कोणीतरी सांगितलं म्हणून पोटाला वर्तमानपत्र बांधूनही झालं. वर्तमानपत्राने फक्त तिची साडी काळी झाली. रेल्वे तेवढी तिला सोसायची, त्यामुळे रूळ जिथवर जातात तिथवरच तिचं जग होतं. आणि मावशी नेमकी रूळ जात नाहीत तिथे, सिरोंच्याला.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. आईला तिनेच कडेवर वागवलं, तिनेच वेण्या घातल्या, आणि आईला बैलबंडीतसुद्धा मळमळायचं त्याला सगळ्यांत मोठ्याने हसायचीही तीच. सावलीजवळच्या त्यांच्या खेड्यातून ती लग्न होऊन बंडीत बसून गेली. तिचे मालक सिरोंच्याला जंगलखात्यात कारकून होते. पुढे आजी-आजोबा गेले, माहेरचं घर मिटलं आणि दोघी बहिणींची भेट होईनाशी झाली. मी लहान असताना आई एकदा एसटीने निघाली होती. वाटेतल्या मूल गावच्या स्टँडवर उतरली ती पुन्हा चढलीच नाही. नळावर तोंड धुतलं आणि म्हणाली, "मले नाई होत."

पण आईचा राग स्वतःवर नव्हता, मावशीवर होता. "माझं तर पोटच असं. तिले काय झालं? तिचं पोट लोखंडाचं हाये. येत नाई म्हंजे मनच नाई तिचं." हे आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की आईने "माझं तर" म्हटलं की पुढचं मी मनातल्या मनात म्हणून टाकायची. मावशीची पत्रं यायची, त्यात हवापाण्यापासून शेळीच्या करडांपर्यंत सगळं असायचं. "येते" एवढा एक शब्द मात्र कधी नसायचा.

बाबा सरकारी नोकरीत ओव्हरसिअर होते. मी आठवीत असताना त्यांनी लिलावातली एक जुनी जीप घेतली. तिचा हॉर्न सोडून सगळं वाजायचं. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. आमच्या घरात दिवाळी नव्हती, दीक्षा घेतलेलं घर आमचं, पण सुट्टी ही सुट्टीच. बाबा आईला म्हणाले, "चाल, ताईकडे जाऊ. तू जिथी म्हनशील तिथून गाडी परत फिरवीन. एक शब्द बोलनार नाई." आई बराच वेळ तांदूळ निवडत राहिली, मग उठून तिने पिशवी भरायला घेतली.

बाबांचा एक सिद्धांत होता. बाबांचा प्रत्येक गोष्टीत एक सिद्धांत असायचा. त्यांचं म्हणणं, माणसाला गाडी लागते ती कंटाळ्याने. डोळ्यांना काम दिलं की पोट गप्प बसतं. म्हणून त्यांनी आठवडाभर ऑफिसातल्या लोकांना विचारून रस्त्यावरची पाहण्यासारखी ठिकाणं जमवली होती. पहिलं ठिकाण भांदकची लेणी. डोंगराच्या पोटात खोल गेलेली, आत गार काळोख, आणि शेवटी दगडात बसलेले बुद्ध. आई तिथे हात जोडून इतकी शांत बसली की बाबांनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. पुढे चांद्याच्या वेशीपाशी थांबलो, गोंड राजाची समाधी पाहिली. बाबा गाइडसारखे बोलत होते आणि आईच्या कपाळावर घाम फुटत होता.

मूलच्या जंगलात सिद्धांत कोसळला. वळणं संपेनात, आणि आईने जीपच्या कडेने डोकं बाहेर काढलं ते आत घेईना. मूल गाव मागे टाकलं तेव्हा तिच्या तोंडावर रक्त म्हणून नव्हतं. बाबांनी गाडी बाजूला घेतली आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे काही बोलले नाहीत, फक्त हात स्टिअरिंगवर ठेवून वाट पाहत राहिले. मला रडू येत होतं. आई आता "फिरवा" म्हणणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

रस्त्याच्या कडेला धानाच्या बांध्या होत्या आणि बायका धान कापत होत्या. आई उतरली आणि शेताच्या बांधावर, धुऱ्यावर जाऊन उभी राहिली. एका म्हातारीने मान वर करून विचारलं, "काय झालं वो बाई? गाडी लागली का?"

आईने मान डोलावली.

"मंग उभी काऊन राह्यली? ये इकडे. मातीत पाय टाक." आणि तिने आपला विळा आईपुढे धरला.

आमच्या आईने पदर खोचला आणि वाकली. लग्नानंतर तिने विळा धरला नव्हता. पण हात विसरले नव्हते. मूठ धरायची, विळा ओढायचा, कडपा खाली ठेवायचा, एक पाऊल पुढे. म्हातारी शेजारी बसून तंबाखू मळत होती आणि आईच्या हाताला नावं ठेवत होती. "वरून काऊन कापून राह्यली? तनीस का तुझा बाप देईल बैलाले?" वरून कापलं तर बैलांना पेंढा कमी पडतो, म्हणून ही बोलणी. आई हसली. सकाळपासून पहिल्यांदा हसली. पात संपवून ती परत आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. जीपमध्ये बसली आणि म्हणाली, "चाला."

इथे बाबांचं मला आजही कौतुक वाटतं. आठवडाभर खपून जमवलेला बेत त्यांनी त्या धुऱ्यावर सोडून दिला. दुसरा कोणी असता तर पुढच्या देवळाचा इतिहास सांगत बसला असता. बाबांनी एकच गोष्ट केली, डावीउजवीकडे पाहत गाडी हाकायला लागले. बायामाणसं काही करताना दिसली की वेग कमी करून नुसतं विचारायचे, "इथी?" आई कधी "नाई" म्हणायची, कधी "थांबा."

त्या दिवशी आम्ही कुठे कुठे थांबलो! गडचिरोलीच्या अलीकडे एका घरासमोर सारवण चाललं होतं, तिथे आईने अर्धी ओसरी सारवून दिली. चामोर्शीचा बाजार भरला होता. सुकटीच्या वासाने मलाच मळमळलं, आई मात्र बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या बाईपाशी फतकल मारून बसली. कामट्या कशा वळतात ते पाहिलं आणि एका लहान टोपलीचा काठ हट्टाने स्वतः विणला. काठ वाकडा झाला. विणणारी बाई म्हणाली, "हे तूच घेऊन जा माय, माझ्या ढिगात नको." आईने ती मावशीसाठी घेतली. मला त्या सगळ्या बायकांचं नवल वाटतं. जीपमधून उतरलेल्या अनोळखी बाईला त्यांनी कोण, कुठली, कोणत्या जातीची, काही म्हणून विचारलं नाही. गाडी लागली म्हणाली, एवढी ओळख पुरली. कामात वाटा दिला, पाणी पाजलं, चार शब्द सुनावले आणि वाटेला लावलं.

बाबांच्या यादीतलं एकच ठिकाण उरलं होतं, मार्कंडा. तिथे आई नदीच्या वाळूत पाय सोडून बसली आणि बाबा मला घेऊन देवळाभोवती फिरले. ते देवापुढे हात जोडत नसत. पण बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती पाहताना त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ज्यानं घडवल्या, त्याच्यासाठी." एवढे दगड, एवढा नाजूक हात, आणि घडवणाऱ्याचं नाव कुठे नाही. बाबा एकेका मूर्तीसमोर इतके रेंगाळले की शेवटी आईच आम्हाला बोलवायला आली.

आलापल्लीला रेस्ट हाउसमध्ये मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी खरं जंगल लागलं. सागाची झाडं इतकी उंच की जीपच्या टपाखालून त्यांचे शेंडे दिसत नसत. रस्ता असा की त्याला रस्ता म्हणणं हा त्याचा मान. शेत नाही, घर नाही, बायामाणसं नाहीत. आईचा चेहरा पुन्हा उतरायला लागला आणि बाबा बिचारे डावीउजवीकडे पाहून थकले. काम करणारं कोणी दिसेना.

एका वळणावर रस्त्याच्या कडेला फांद्यांचा आणि दगडांचा मोठा ढीग होता. खालच्या फांद्या वाळून कोळ झालेल्या, वरच्यांची पानं अजून हिरवी. खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला एक माणूस चालत आला, त्याने एक डहाळी मोडली, ढिगावर टाकली. बाबांनी गाडी थांबवली आणि विचारलं, "हे काय हाये भाऊ?"

"रस्त्याचा देव. जानारा टाकते, येनारा टाकते. मंग रस्ता तरास देत नाई," तो म्हणाला आणि झाडीत शिरला.

आई उतरली. पळसाची एक डहाळी तिने मोडली आणि बाबांकडे पाहिलं. बाबा समोरच्या काचेतून सरळ बघत होते. देव-देवस्कीच्या बाबतीत ते कडक. आमच्याकडे लिंबू-मिरचीसुद्धा फक्त खायलाच यायची.

"देवाले नाई टाकत," आई म्हणाली. "ताईले टाकते. ताईची बंडी इथूनच गेली असंल. तिनंही टाकली असंल एक."

आईने डहाळी टाकली, ढिगापाशी जरा उभी राहिली आणि आपणहून येऊन बसली. सिरोंचा येईपर्यंत तिने मग गाडी थांबवायला सांगितलं नाही.

मावशी दारात होती. मला वाटलं होतं गळ्यात पडतील, रडतील. मावशी म्हणाली, "रा, रा," तिकडच्या तेलुगूत, आणि मग स्वतःलाच हसून, "ये वं." आईने पायावर पाणी घेतलं. चहा झाला. दोघी ओसरीवर समोरासमोर बसल्या, मध्ये ती वाकडी टोपली. मावशी टोपली फिरवून फिरवून पाहत होती.

"तुले तर बंडीतही होत नव्हतं. कशी आली?"

आईने सांगायला सुरुवात केली. धान, म्हातारी, सारवण, कामट्या. मावशी मध्ये मध्ये हसत होती, अगदी आईने वर्णन केलं होतं तसंच, मोठ्याने. मग आईने वळणावरचा ढीग सांगितला आणि मावशीचं हसू थांबलं.

"टाकली का तू?"

"टाकली. तुझ्या नावानं."

मावशीने टोपली खाली ठेवली. "मीबी टाकली तिथी," ती म्हणाली. "बंडीतून आली तवा नाई. एसटीनं. तुझ्याकडे याले निघाली होती. एक डाव नाई, दोन डाव."

आई टोपली बाजूला सारून पुढे सरकली.

"डायवर थांबवते तिथी. उतरली. टाकली. अन् मंग चढूच शकली नाई. पोटातलं सारं..." मावशीने हाताने दाखवलं. "मलेबी लागते वं गाडी. बंडी सोसते, मोटार नाई सोसत. येनाऱ्या टरकात समोर बसून वापस आली, तेबी ओकत ओकत."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तुले एवढी हसली होती मी. कोन्या तोंडानं सांगू?"

"मनच नाई तिचं" हे जे वाक्य ती इतकी वर्षं बोलत आली होती ते तिच्या तोंडावर मला दिसत होतं, आणि ते तिला गिळता येत नव्हतं. एक बहीण मूलच्या स्टँडवरून परत गेली होती, दुसरी त्या वळणावरून. मधला सगळा रस्ता दोघींनी एकमेकींवर रुसून रिकामा ठेवला होता. मग आई उठून मावशीच्या मागे जाऊन बसली, तिचा अंबाडा सोडला आणि तिची वेणी घालायला लागली. मावशी रडत होती आणि केस ओढले जातात म्हणून रागावतही होती.

आम्ही परत निघालो तेव्हा मावशीही वरोऱ्याला यायला जीपमध्ये होती. पिशवीत लिंबं होती, पण तिच्या हातात ती वाकडी टोपली होती, आणि आई तिला पुढचे थांबे सांगत होती, त्या बांधीतली म्हातारी कशी बोलते ते सुद्धा. जंगल दाट व्हायला लागलं तशी मावशीची मान खाली गेली. बाबा अधूनमधून मागे वळून पाहत होते.

वळणावर बाबांनी कोणी न सांगता गाडी थांबवली. आम्ही सगळे उतरलो. आई डहाळी शोधायला लागली तर बाबाच पुढे झाले. त्यांनी टोपी काढली, सागाची एक चांगली हातभर फांदी मोडली आणि ढिगावर ठेवली. टाकली नाही, वाकून ठेवली.

आईने कमरेवर हात ठेवले. "अहो, देवाले टाकली का?"

"नाई," बाबा म्हणाले. "इथवर आली होती तिच्यासाठी."

आम्ही मावशीकडे वळून पाहिलं, तर ती तिथे नव्हती. ती आमच्या सगळ्यांच्या आधी जीपमध्ये जाऊन बसली होती.